भांडुपच्या चढावरची गाडी

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा होता. एका बाजूला पत्र्याचं प्रेसकाम, वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या डब्यांचं मोल्डिंग, आणि मधे मी. दारावर पाटी नव्हती, कारण तिच्यावर काय लिहावं ते मला कधी ठरवता आलं नाही. मेकॅनिक लिहावं तर माझे हात काळे नसायचे. कॉम्प्युटरवाला लिहावं तर लोक प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आले असते. आई शेवटपर्यंत बोरिवलीतल्या शेजाऱ्यांना सांगायची, "आमचा अरविंद गाड्यांचे क्लास घेतो." तिचं अगदीच चुकत नव्हतं. गाडीच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला कंपनीने जे शिकवलेलं असतं ते पुसून मी नवीन शिकवायचो.

या धंद्याची ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. कार्बोरेटर गेले तेव्हापासून प्रत्येक गाडीत जेवणाच्या डब्याएवढी एक चपटी पेटी असते. आम्ही तिला ईसीएम म्हणतो. तिच्या पोटात पाढ्यांसारखा एक मोठा तक्ता असतो. इंजिन किती वेगाने फिरतंय हे उभं, त्याच्यावर किती भार आहे हे आडवं, आणि जिथे दोन्ही मिळतात त्या घरात लिहिलेलं असतं की इंधन किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची. कंपनीला ही गाडी लडाखच्या थंडीतही विकायची असते आणि नागपूरच्या उन्हातही. कोणी भेसळीचं पेट्रोल भरणार, कोणी सर्व्हिसिंगच करणार नाही. म्हणून प्रत्येक घरात हात राखून आकडे लिहिलेले असतात. मी ते राखलेलं मोकळं करायचो. जुन्या गाड्यांत हा तक्ता एका चिपमध्ये असतो आणि चिप सोल्डर केलेली असते. पेटी उघडून ती हलक्या हाताने सोडवायची, वाचायची, आकडे बदलायचे, परत बसवायची. माझं नाव झालं ते या जुन्या गाड्यांवर.

गिऱ्हाइकं बहुतेक तरुण पोरं. अंधेरीचा एक नवरदेव आला होता, त्याला स्वतःच्याच वरातीत सायलेन्सरमधून फटाके वाजायला हवे होते. मुलुंडचे एक सीए होते, गाडी जोरात पळाली पाहिजे पण शेजारी बसलेल्या बायकोला ते कळता कामा नये, अशी त्यांची अट. दोघांनाही हवं ते मिळालं. सीएंची बायको नंतर स्वतः येऊन म्हणाली, "माझ्या गाडीलाही तेच करून द्या."

शोभाताई आल्या त्या अशाच एका दुपारी. पंचेचाळिशीच्या, शाळेच्या ऑफिसात शिपाई. गाडी स्वतः चालवत भांडुपहून आल्या होत्या. गाडी म्हणजे भावाने नवीन घेतल्यावर बहिणीला दिलेली जुनी छोटी हॅचबॅक, डिकीत सीएनजीचा सिलिंडर.

"गाडीची ताकद वाढवून देता ना तुम्ही?"

"देतो. कुठे पळवायचीय?"

"पळवायची नाही, दादा. चढवायचीय. आमच्या घरापर्यंत."

भांडुप पश्चिमेला डोंगर सुरू होतो आणि वस्ती त्याच्या अंगाखांद्यावर चढत गेलीय, हे मला ऐकून माहीत होतं. शोभाताईंचं घर पार वर, बुद्धविहाराच्या शेजारी. रिक्षावाले खालूनच परत फिरतात. त्यांच्या नवऱ्याच्या, दिलीपच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. उतरताना गाडी उतरायची, पण वर येताना अर्ध्या चढावर बंद पडायची. मग वस्तीतली चार पोरं यायची आणि दिलीपना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायची.

"पोरं चांगली आहेत," शोभाताई म्हणाल्या. "कधी नाही म्हणत नाहीत. पण ह्यांना ते सहन होत नाही. टॉवर रंगवायचे हे. विसाव्या मजल्यावर परांचीवर उभं राहून. आता खुर्चीत बसून वर जायचं आणि सगळ्या दारांतून लोकांनी बघायचं. मागच्या महिन्यात दोनदा गेलेच नाहीत. अंगात पाणी भरलं, श्वास लागला, ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, परत असं केलंत तर माझ्याकडे आणू नका."

"पेट्रोलवर चढवून बघितलीत?"

"गॅसवर बघितली, पेट्रोलवर बघितली, चप्पल काढून बघितली. भाऊ म्हणतो, तुला क्लच सोडता येत नाही. त्याने स्वतः चढवली, तेव्हाही बंद पडली. तरी म्हणतो मलाच येत नाही."

मी गाडी ठेवून घेतली. कॉम्प्युटर ताकद तयार करत नाही, वाया जाणारी वाचवतो; म्हणून आधी इंजिन तपासलं. ते वयाच्या मानाने धडधाकट होतं. क्लच प्लेट झिजली होती, ती बदलून घेतली. प्लग नवीन घातले. मग पेटी उघडली.

गॅसची गोष्ट अशी आहे की तो पेट्रोलपेक्षा सावकाश पेटतो. झोपाळ्याला धक्का देण्यासारखंच आहे हे. वेळेवर दिला तर झोका उंच जातो, उशिरा दिला तर नुसता हात हवेत. या गाडीत गॅस किती सोडायचा ते किटचा छोटा कॉम्प्युटर ठरवत होता, पण ठिणगी गाडीचाच जुना ईसीएम पाडत होता, तीही पेट्रोलच्या हिशेबाने. म्हणजे गॅससाठी उशिराच. धक्का वाया जात होता. मी गॅसवर चालताना ठिणगी आधी पडेल असा तक्ता लिहिला, चिप बसवली, आणि चारकोपच्या सपाट रस्त्यावर शोभाताईंना गाडी चालवायला दिली. तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने अशी ओढ घेतली की त्या हसल्या. "हिला झालं तरी काय?" म्हणाल्या. सोमवार होता. मी खुशीत होतो.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला.

"दादा, तिथेच बंद पडली."

दिलीप गाडीत होते. अर्ध्या चढावरच्या वळणावर इंजिन मेलं आणि गाडी मागे सरकली. शोभाताईंनी हँडब्रेक ओढला, एका माणसाने चाकाखाली दगड लावला. दिलीप उतरले आणि रस्त्याकडेच्या पायरीवर बसून राहिले. मग खुर्ची आली.

"घरी आल्यावर म्हणाले, गुरुवारी मी येणार नाही. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. नुसतं सांगितलं."  मग म्हणाल्या, "तुम्ही आमचा चढ बघितलाच नाही ना, दादा?"

नव्हता बघितला. आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. इतकी वर्षं पोरांच्या गाड्या करताना मी तक्त्याच्या वरच्या ओळींत काम केलं होतं, जिथे इंजिन जोरात फिरतं, हायवेवर ओव्हरटेक होतात. अगदी खालच्या ओळी, जिथे गाडी जागेवरून हलते, त्या मी कंपनीने दिल्या तशाच ठेवायचो. तिथल्या ताकदीबद्दल मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. शोभाताईंची गाडी मी त्याच सवयीने केली होती.

"उद्या रजा टाका," मी परत फोन करून सांगितलं. "मी येतो. गुरुवारच्या आत हे मिटवू."

"मिटेल?"

"मिटेपर्यंत मी खाली उतरणार नाही."

बोलून गेलो. बायकोने ऐकलं आणि विचारलं, "तिथे मुक्कामाची सोय आहे का?"

बुधवारी सकाळी मी लॅपटॉप आणि माझी एक जुनी पेटी घेऊन भांडुपला पोहोचलो. ही पेटी चिपच्या जागी जोडली की गाडी चालू असताना लॅपटॉपवरून तक्त्यातले आकडे बदलता येतात. नाहीतर प्रत्येक बदलाला चिप काढा, पुसा, लिहा, बसवा.

चढ असा होता. घरांच्या मधून एक गाडी कशीबशी जाईल एवढा सिमेंटचा रस्ता, पाय सरकू नयेत म्हणून त्यावर आडव्या खाचा. मधोमध एक मोठा कातळ, तो तोडता आला नाही म्हणून रस्ताच त्याला वळसा घालतो. कातळाच्या पलीकडून बाइक येतेय की टेम्पो, हे खालून दिसत नाही. म्हणून वळणावर प्रत्येकाला थांबावंच लागतं. थांबायचं, आणि तिथूनच, त्या तिरप्यातून, परत निघायचं. कातळाजवळ पाण्याचा नळ आणि नळावर बायका.

मी शोभाताईंच्या शेजारी बसलो, मांडीवर लॅपटॉप. रिकामी गाडी वळणावर थांबली, निघाली, वर गेली. उतरून परत आलो. पुन्हा गेली.

"माझा पाय बघताय ना?" शोभाताई समोर बघतच म्हणाल्या.

खरंच बघत होतो.

"बघा. सगळे बघतात."

क्लचवर त्यांचा पाय माझ्यापेक्षा हलका होता. तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांना माहीतच होतं.

रिकाम्या गाडीवर काही कळणार नव्हतं. वजन हवं होतं. शोभाताईंनी खिडकीतून नळाकडे बघून हाक मारली, "ए, बसा गं गाडीत. दादांना वजन पाहिजे."

हंडे रांगेत राहिले आणि तिघी मागे चढल्या. त्यातल्या एक मावशी दारातून तिरप्या होऊन आत आल्या आणि टेकत म्हणाल्या, "आजवर माझं वजन कमी कर म्हणणारेच भेटले. मागणारा हा पहिलाच."

गाडी खाली नेली. चढायला लागलो. वळणावर थांबलो. शोभाताईंनी क्लच सोडला, गाडी थरथरली, वीतभर पुढे गेली आणि मेली. खालच्या ओळींतले आकडे मी बदलले, ठिणगी आणखी आधी आणली. परत खाली, परत वर. यावेळी हातभर गेली आणि मेली. पुन्हा बदल. पुन्हा मेली. मागच्या बायका आधी हसत होत्या, मग पुढे वाकून माझा लॅपटॉप बघायला लागल्या. एकीने पाण्याची वेळ संपत आल्याचं सांगितलं आणि उतरली. तिच्या जागी दुसरी येऊन बसली. कोणी काही विचारत नव्हतं. गुरुवार कोणाचा आहे, ते सगळ्यांना माहीत होतं.

पण एक गोष्ट चांगली होत होती. गाडी दर वेळी त्याच जागी आणि तशीच मरत होती. चूक जेव्हा एवढी नेमाने होते तेव्हा तिच्यामागे एकच कारण असतं. मी शोभाताईंना म्हटलं, "आता मी आकडे बदलणार नाही. नुसतं बघणार. तुम्ही जशी चढवता तशी चढवा."

चढलो, थांबलो. क्लच सुटायच्या जरासं आधी बॉनेटमधून घरघर ऐकू आली आणि लॅपटॉपवरचा बॅटरीचा आकडा खाली कोसळला. गाडी मेली.

पंखा. रेडिएटर थंड करणारा विजेचा पंखा. खालून पहिल्या गिअरमध्ये कण्हत येताना इंजिन तापत जायचं आणि बरोबर वळणावर येता येता पंखा लागायच्या तापमानाला पोहोचायचं. पंखा सुरू होताना एकदम भरपूर वीज ओढतो. ती वीज इंजिनच डायनॅमो फिरवून तयार करतं. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाला सगळा जीव एकवटून पाच माणसं उचलायची होती, नेमका त्याच क्षणी पंखा त्याच्या पाठीवर बसत होता. सकाळी इंजिन गार होतं, म्हणूनच आम्ही दोघं न थांबता वर गेलो होतो. चारकोपच्या सपाट रस्त्यावर हे मला जन्मात कळलं नसतं. शोभाताईंच्या भावाने चढवली तेव्हाही गाडी इथेच मेली होती, तेव्हाही तिला पंख्यानेच मारलं होतं.

हा पंखा कधी लावायचा, तेही ईसीएमच्या तक्त्यातच असतं. मी तो आकडा खाली आणला, म्हणजे चढाच्या सुरुवातीलाच पंखा लागेल आणि वळणापर्यंत इंजिन त्या ओझ्याला सरावलेलं असेल. पंखा लागताना इंजिनाला थोडी जास्त हवा मिळेल असंही केलं. ठिणगीचे खालच्या ओळींतले आकडे होतेच.

एवढ्यात वरून एक माणूस भिंतीला हात लावत लावत उतरताना दिसला. बारीक, सावळा, धुतलेला शर्ट, डाव्या हाताला पट्टी. शोभाताईंनी दार उघडलं. "तुम्ही कशाला आलात? चढणार कसे परत?"

दिलीपनी बायकोकडे न बघता मला नमस्कार केला. "सकाळपासून आवाज ऐकतोय. येते, मरते. येते, मरते." मग मागच्या सीटकडे बघून म्हणाले, "या बायांना कशाला दमवताय? वजनच पाहिजे ना? मी आहे की."

मी म्हटलं, "साहेब, आधी एकदा आम्ही..."

"नाही. माझ्यासाठी करताय तर माझ्यावरच करून बघा. बंद पडली तर चालत जाईन. बसून बसून."

मी पुढची सीट सोडली, मागच्या दोघी उतरल्या आणि मी मावशींच्या शेजारी जाऊन बसलो. दिलीप पुढे बसले. गाडी खालपर्यंत नेली. शोभाताईंनी पदर कमरेला खोचला, पहिला गिअर टाकला. पंखा चढाच्या पायथ्याशीच लागला, मी ऐकला. वळणावर आलो. पलीकडून कोणी येत नव्हतं, तरी त्या पूर्ण थांबल्या. नळावरच्या बायका हंडे धरून उभ्या. क्लच सुटला. गाडी थरथरली. डबीत खडे हलवावेत तसा एक आवाज आला, ठिणगी किंचित जास्तच आधी पडत असल्याचा. माझं बोट कळीवर होतं, मी दोन आकडे मागे घेतले आणि आवाज थांबला. गाडी हलली. हळू, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने, पण हलली ती हललीच. कातळ मागे गेला. पायरी मागे गेली. दारांत लोक उभे होते. दिलीप कोणाकडे बघत नव्हते, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून रस्त्याकडे बघत होते.

विहारापाशी सपाट जागा आली. शोभाताईंनी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दिलीपनी दार उघडलं, उतरले, समोरच्या एका म्हाताऱ्याला "जय भीम" म्हणाले आणि घराच्या दारात पोहोचल्यावर वळून बायकोला विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

त्या दिवशी मला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बोंबलाचं कालवण होतं. दिलीपना मीठ-पाणी मोजून, त्यांच्या ताटात वेगळंच काहीतरी. ते माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "तुम्ही दोन जास्त खा. माझे."

नंतर गाडी चारकोपला मागवून मी पक्की चिप लिहून बसवली. पीयूसीच्या तपासणीत गाडी बिनबोभाट पास झाली, याचा मला पोरांच्या कुठल्याही गाडीपेक्षा जास्त आनंद झाला. खुर्चीची गरज संपली. हळूहळू त्या गाडीतून बाळंतपणाच्या बायका उतरायला लागल्या, पाय मोडलेली म्हातारी माणसं चढायला लागली. शोभाताई कोणाला नाही म्हणायच्या नाहीत, फक्त चप्पल झटकून बसा म्हणायच्या.

माझा गाळा मी पुढे बंद केला. नव्या गाड्यांच्या पेट्यांना कंपन्या कुलपं घालतात, आणि सोल्डरच्या एका बारीक ठिपक्याचे आता मला दोन दिसतात. एक रुखरुख राहिली आहे. त्या बुधवारनंतर मी त्या चढावर परत गेलो नाही. फोन व्हायचे. दिलीप म्हणायचे, "या एकदा, बोंबील खायला." जाऊ, जाऊ म्हणत दोन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि शोभाताईंचा फोन आला की दिलीप गेले. हॉस्पिटलमध्ये, जंतुसंसर्गाने.

मी गेलो तेव्हा खाली रिक्षा सोडली आणि चालत चढायला लागलो. त्या चढावर मी कधी पायी गेलोच नव्हतो. कातळाच्या अलीकडेच दम लागला, एका घराच्या पायरीवर बसलो. वरून गाडी उतरत आली. शोभाताईंनी काच खाली केली. मागे एक गरोदर मुलगी आणि तिची सासू.

"दादा, इथेच बसा. हिला खाली रिक्षात बसवून येते."

थोड्या वेळात त्या परत आल्या. मी पुढच्या सीटवर बसलो. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. शेवटच्या दिवसांत दिलीप फारसं बोलत नव्हते, डोळे मिटूनच असायचे. सगळ्यांना वाटलं, आता शुद्ध नाही. "आणि त्या दिवशी सकाळी नर्स सलाइन बदलायला आली," शोभाताई सांगत होत्या, "तर ह्यांनी डोळे उघडले, तिच्या मागे भिंतीकडे बघितलं..."

वळण आलं. पलीकडून दुधाची बाइक येत होती. शोभाताई थांबल्या, तिला जाऊ दिलं, क्लच सोडला, आणि गाडी कातळाला वळसा घालून वर निघाली. त्यांचं सांगणं चालूच होतं.

"...आणि तिला म्हणाले, बाई, रंगाचा एकच हात मारलाय या भिंतीला. दुसरा कोण मारणार?"